कर्जाचा कागद आणि आपले कर्तव्य

मापात पाप नसावे, हे धान्याच्या व्यापाऱ्याचे पहिले ब्रीद होय. काटा सरळ असावा, वजने तपासलेली असावीत आणि ज्याचा माल त्याच्या डोळ्यांदेखत तोलला जावा, एवढे सांभाळले म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढते, असा आपणां सर्वांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. पण ज्या काळजीने आपण धान्य तोलतो, त्या काळजीने आपण कर्ज तोलतो काय? आपले स्वतःचे कदाचित तोलत असू. परंतु आपल्या आश्रयाने राहणारे हमाल, मापाडी, गुमास्ते, हातगाडीवाले व किरकोळ दुकानदार जे कर्ज घेतात, त्याचा काटा कोण पाहतो? या प्रश्नाकडे आपल्या मंडळाचे लक्ष वेधावे, एवढ्याच हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम आमची स्वतःचीच चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्यांस उपदेश करण्याचा दोष येणार नाही. आमच्या पेढीवर वीस वर्षे इमानाने तोलाईचे काम करणारा एक मापाडी आहे. त्याच्या मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी त्यास बासष्ट हजार रुपये हवे होते. आमच्याकडे मागण्यास तो संकोचला व एका खाजगी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे गेला. तेथील माणसाने सांगितले, “एक लाखच घ्या, बारा टक्के व्याज आहे, बारा हप्त्यांत फिटेल.” जामीन म्हणून आमची सही हवी होती. आम्ही गादीवर बसल्याबसल्या, एका हाताने फोन धरून, दुसऱ्या हाताने सात-आठ ठिकाणी सह्या केल्या. पोत्यातून मूठभर दाणे काढून हातावर पाहिल्याशिवाय तुरीचा एक कट्टा न घेणारे आम्ही, एक लाखाच्या कागदावर न वाचता सही करून मोकळे झालो!

पुढे चार-पाच महिन्यांनी एक हप्ता चुकला आणि आम्हांस फोन आला, तेव्हा आम्ही ते कागद मागवून वाचले. मापाड्यास विचारले, “अरे, व्याज किती पडते ठाऊक आहे का?” तो म्हणाला, “शेठ, हप्ता किती ते ठाऊक आहे. व्याजाचं कुणी समजावून सांगितलं नाही.”

आता हिशेब पाहा. एक लाखावर बारा टक्के म्हणजे वर्षाचे बारा हजार. एकूण एक लाख बारा हजारांचे बारा भाग केले, म्हणजे दरमहा सुमारे ९,३३३ रुपये. वरवर पाहता यात काही वावगे दिसत नाही. परंतु पहिला हप्ता दिल्याबरोबर कर्जदाराकडील मुद्दल कमी होऊ लागते. सहा महिन्यांनी निम्मेच राहते. अखेरच्या महिन्यात तर केवळ एका हप्त्यापुरते उरते. व्याज मात्र वर्षभर पूर्ण लाखावर धरलेले! वर्षाची सरासरी काढली तर त्याच्या हाती साधारण निम्मीच रक्कम होती. यासच सरसकट व्याज, अथवा बाजारच्या भाषेत ‘फ्लॅट’ दर, म्हणतात. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरण्याच्या रीतीने मोजल्यास हा दर बारा टक्के नसून सुमारे साडेएकवीस टक्के होतो. शिवाय कागद तयार करण्याचे शुल्क म्हणून दोन हजार आरंभीच कापून घेतले होते, म्हणजे हाती पडले अठ्ठ्याण्णव हजार. ते धरले असता दर सुमारे २५.४ टक्क्यांवर जातो. खरोखरीच बारा टक्के घटत्या मुद्दलावर असते तर हप्ता सुमारे ८,८८५ रुपये झाला असता आणि वर्षाचे व्याज सुमारे ६,६२० रुपये. येथे शुल्क धरून चौदा हजार गेले.

या गोष्टीतील मुख्य मुद्दा पुढेच आहे. त्या कागदांच्या गठ्ठ्यात एक पान असे होते की, ज्यावर हा २५.४ चा आकडा स्पष्ट छापलेला होता. कोणी लपविला नव्हता. मापाड्याची सही त्याखाली होती. आमच्या डोळ्यांखालूनही तो गेलाच असणार. आकडा होता, वाचणारा नव्हता.

हे पान तेथे आपोआप आलेले नाही. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी परिपत्रक काढून, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या व्यक्तिगत कर्जांसाठी व लघुउद्योगांच्या मुदतकर्जांसाठी असा कागद देणे बँकांस, सहकारी बँकांस व वित्तसंस्थांस बंधनकारक केले. इंग्रजीत त्यास ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणतात. आपण त्यास मुख्य माहितीचा कागद म्हणू. त्यात सर्व शुल्कांसह पडणारा वार्षिक दर एका आकड्यात दाखवावा लागतो. हप्त्यांचे वेळापत्रक, दंड, वसुली करणाऱ्या माणसांविषयीचे कलम आणि तक्रार कोठे करावी हेही द्यावे लागते. कागद कर्जदारास समजेल अशा भाषेत असावा, त्यास तो समजावून सांगावा व समजल्याची सही घ्यावी, असा नियम आहे. सात दिवसांहून कमी मुदतीची कर्जे सोडल्यास, विचार करण्यासाठी निदान तीन कामाचे दिवस कर्जदारास मिळतात. तोवर त्या अटी बदलता येत नाहीत. आणि जे शुल्क या कागदात नाही, ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे घेता येत नाही.

नियम उत्तम आहे. तथापि समजावून सांगण्याचे काम ज्याने कर्ज विकावयाचे त्याच्याच हाती राहिले आहे. विकणारा घाईत असतो, घेणारा अडचणीत असतो. त्यामुळे समजावणे राहून जाते आणि ‘समजले’ अशी सही तेवढी होते. लिहिण्याची सोय कायद्याने केली. वाचण्याची सोय समाजाने करावयाची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायदा चांगला असून, वाचता न आल्यामुळे तो ऋणकोवरच उलटल्याचे उदाहरण आपल्या इतिहासात आहे, आणि ते आपण व्यापारी लोकांनी विसरू नये असे आहे. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा होऊन कर्जरोख्यांची मुदत तीन वर्षे ठरली. व्याजाचा डोंगर होऊ नये, हा हेतू. प्रत्यक्षात काय झाले? दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई. थकलेले व्याज मुद्दलात मिळवी व त्यावर पुन्हा व्याज चाले. शेतकरी अंगठा उठवी; कागदात काय आहे ते त्यास कळत नसे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ पर्यंत, कापसास सोन्याचे दिवस आले होते, तेव्हा कर्ज सहज मिळे. युद्ध संपले, भाव उतरले, सरकारी सारा वाढला आणि सावकारांनी हात आखडला. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोक उठले व ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरले. ज्यांच्या दुकानांवर लोक चालून गेले ते बहुतेक मारवाडी व गुजर सावकार होते, आणि त्यांत आपले जैन बांधवही होते.

त्या दंग्यांत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. रोखे व खातेवह्या मागून घ्याव्या आणि जाळून टाकाव्या, हा त्यांचा मुख्य उद्योग. जो कागद वाचता येत नाही, त्याची माणसास भीती वाटते. आणि भीतीचा शेवट कधी ना कधी रागात होतो. सर्वच सावकार लबाड होते असे आम्ही म्हणत नाही. अनेकांनी दुष्काळात गावे जगविली असतील. परंतु ऋणकोच्या दृष्टीने चोख वही व खोटी वही यांत भेद तो कोणता? दोन्ही त्यास सारख्याच काळ्या दिसत. यामुळे प्रामाणिक सावकाराची वहीही त्याच होळीत गेली.

यानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला व १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यातील उपाय साधे होते. रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती मिळावी. ऋणकोने मागितल्यास वर्षाचा हिशेब लिहून द्यावा व त्याच्या पुस्तकात खाते उतरवून द्यावे. आजच्या मुख्य माहितीच्या कागदाचे मूळ या जुन्या उपायांतच आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सुप्यावरून आता आपल्या बडोद्याकडे वळू. या नगरीस या बाबतीत अभिमान बाळगण्यास पुष्कळ जागा आहे. १८८९ मध्ये येथील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांनी ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन केली. भारतातील सहकारी पतसंस्थांत ती पहिली गणली जाते. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ मध्ये. म्हणजे कायद्याच्या पंधरा वर्षे आधी येथील मध्यमवर्गीय मराठी मंडळींनी आपल्या बचतीतून एकमेकांस साह्य करण्यास आरंभ केला होता. ‘अन्योन्य’ हे नावच बोलके आहे. देणारा व घेणारा एकाच बाकावर बसलेले. मग अटी समजणार नाहीत कशा? कालांतराने ती संस्था बँक झाली, अडचणीत आली व आज ती राहिलेली नाही. तिच्या उदयापासून जसे शिकावयाचे, तसे अस्तापासूनही: नुसत्या थोर नावावर विसंबून पैसा सुरक्षित राहत नाही, हिशेब डोळ्यांखालून घालावाच लागतो.

पुढे २० जुलै १९०८ रोजी श्रीमंत सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदाची स्थापना केली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच्या दोनच वर्षे आधी, १९०६ मध्ये, महाराजांनी संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते, आणि अमरेली भागात तर ते १८९३ पासूनच सुरू केले होते, हे आपण बँकेच्या आठवणीबरोबर क्वचितच आठवतो. आम्हांस या दोन गोष्टींचा क्रम अर्थपूर्ण वाटतो. आधी अक्षर, मग पेढी.

आता काही सभासद बंधू विचारतील की, या लष्कराच्या भाकऱ्या आपण कशास भाजाव्या? आपला व्यापार धान्याचा. कर्जाचे कर्जवाले पाहून घेतील. यास आमचे उत्तर असे की, ज्यांच्या पाठीवरून आपली पोती उतरतात व ज्यांच्या दुकानांतून आपला माल घरोघर जातो, त्यांचे कर्ज शेवटी आपल्याच उंबऱ्यावर येते. उधारी थकते ती त्यामुळेच; कामगार गाव सोडून जातो तोही पुष्कळदा त्यामुळेच. जामिनाची जबाबदारी तर मूळ ऋणकोइतकीच असते, हे १८७२ च्या करार कायद्यात सांगितले आहे. सही आपली तर देणेही आपले.

दुसरे म्हणतील, गरजवंताला अक्कल नसते. त्यास कितीही समजवा, तो सही करणारच. म्हण खरी आहे. परंतु तिचा अर्थ असा की, गरज डोक्यावर असताना शांतपणे विचार करणे माणसास जमत नाही. म्हणूनच ज्याच्या डोक्यावर ती गरज नाही अशा कोणीतरी त्याच्या शेजारी बसावयास हवे. सर्वच कर्जे टळणार नाहीत, हे आम्ही मान्य करतो. पण दोन कर्जांतील स्वस्त कोणते ते कळेल, लाखाऐवजी बासष्ट हजारच घेता येतील, कर्जाबरोबर गळ्यात बांधलेली विम्याची पॉलिसी नाकारता येईल. आमच्या मापाड्याचे एवढे झाले असते तरी त्याच्या मुलीची सहामाहीची पुस्तके निघाली असती.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलणार नाही, म्हणून आम्हीच बोलतो. आपल्यापैकी काही घरांत व्याजबट्ट्याचा धंदा आहे. लोक शहाणे झाले तर आपले कसे, अशी शंका मनात येणे शक्य आहे. जे परवाना घेऊन, वही चोख ठेवून व्यवहार करतात, त्यांस भिण्याचे कारण नाही. समजून घेतलेले कर्ज फिटण्याची शक्यताच अधिक. जे तसे करीत नाहीत, त्यांनी मात्र काळाची पावले ओळखावीत. गुजरात राज्याने २०११ मध्ये सावकारीविषयी कायदा केला आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या पोलिसांनी बेकायदा व्याजखोरीविरुद्ध मोहीम उघडून ठिकठिकाणी लोकदरबार भरविले, हे आपण पाहिले आहे. कोरा धनादेश सही करून घेणे आणि मागाहून त्यात हवा तो आकडा भरणे, हा व्यापार नव्हे.

आपल्या धर्माचेही सांगणे याहून निराळे नाही. श्रावकाच्या अचौर्य व्रताच्या अतिचारांत कमीअधिक मापांचा वापर सांगितला आहे, आणि सत्यव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, सांगितले आहे. खोटा लेख न करणारे आपणांत पुष्कळ आहेत. परंतु खरा लेखही समोरच्यास कळणार नाही अशा रीतीने पुढे करून सही घेणे, हे त्या दोषापासून फार दूर आहे काय, याचा ज्याने त्याने संवत्सरीच्या दिवशी विचार करावा.

एवढे म्हटल्यावर काय करावे तेही सांगितले पाहिजे. आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली सूचना आपल्या घरापासून. आपल्या पेढ्यांवर हमाल व गुमास्ते उचल घेतात, किरकोळ दुकानदार उधारीने माल नेतात. त्याची नोंद केवळ आपल्या वहीत असते. येत्या दिवाळीच्या वहीपूजनापासून प्रत्येकास एक छोटे पुस्तक द्यावे. दिलेली रक्कम, परत आलेली रक्कम व बाकी त्यात त्याच्यासमोर लिहावी. व्याज घेत असाल तर दर लिहावा, घेत नसाल तर ‘व्याज नाही’ असे लिहावे. १८७९ मध्ये सरकारला सक्ती करून जे करवावे लागले, ते आपण आपखुशीने करू या.

दुसरी सूचना मंडळापुरती. दर रविवारी सकाळी दोन तास मंडळाच्या कार्यालयात दोन सभासदांनी बसावे. एक जुना, व्यवहारात मुरलेला आणि एक तरुण. आपल्या मुलामुलींत सनदी लेखापाल झालेले आज थोडे नाहीत. ज्यास कर्ज घ्यावयाचे आहे त्याने कागद घेऊन यावे. जातपात, धर्म, भाषा विचारू नये. तेथे कोणत्याही संस्थेची शिफारस करू नये, दलाली तर घेऊच नये, आणि कर्ज घ्या अथवा घेऊ नका असेही सांगू नये. केवळ वाचून दाखवावे. ठरविणारा तो.

तिसरी सूचना, एक कागद छापावा: गुजराती, मराठी व हिंदीत. त्यावर प्रश्न सहाच असावेत. हातात नक्की किती रुपये पडणार? सर्व हप्ते मिळून किती जाणार? सर्व शुल्कांसह वार्षिक दर किती? व्याज मूळ रकमेवर की उरलेल्या मुद्दलावर, आणि दर पुढे बदलणार की कायम? हप्ता चुकल्यास दंड किती, व कर्ज आधी फेडल्यास आकार किती? तारण अथवा जामीन काय, आणि तक्रार कोणाकडे? एवढी उत्तरे कागदावरून बोट ठेवून दाखविता आली तरच सही करावी. त्याखाली दोन ओळी असाव्यात: कोऱ्या कागदावर वा कोऱ्या धनादेशावर सही नाही, आणि संस्थेने तक्रार तीस दिवसांत मिटविली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

घर गहाण ठेवून कर्ज फेडलेल्या बांधवांसाठी आणखी एक माहिती. कर्ज पूर्ण फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रे तीस दिवसांच्या आत परत देणे, १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे. संस्थेच्या दोषाने विलंब झाल्यास दर दिवसास पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ लोक कागदांसाठी खेटे घालीत राहतात.

यास खर्च किती? कागद छापण्याचा व चहाचा. या स्मरणिकेतील एका जाहिरातीच्या पानाइतकाही नाही. लागेल तो वेळ, आणि थोडी लाज सोडण्याची तयारी. कारण समजावून सांगावयास बसले की, आपल्याला स्वतःलाही पुष्कळसे ठाऊक नव्हते हे कळून येते. आमचे तसेच झाले.

आमच्या मापाड्याने बारा हप्ते पूर्ण केले आहेत. ‘बाकी नाही’ असा दाखला त्याने मागून घेतला व तो आम्हांस आणून दाखविला. या खेपेस मात्र त्याने तो आमच्या हाती देण्यापूर्वी, आपल्या मुलीकडून ओळीन्‌ओळ वाचून घेतला होता. वीस वर्षे त्याने काट्याकडे पाहून आमचा माल तोलला. त्याचा कागद तोलून देण्याची पाळी आमची होती आणि आम्ही ती चुकविली. मंडळाने रविवारचे ते दोन तास सुरू केले, तर पहिल्या रविवारी बाकावर बसण्यास आम्ही तयार आहोत.

जय जिनेंद्र.